रेवणप्पांची धून

होटगीच्या सिद्धलिंगप्पा गुरवाला दोनच गोष्टींचा गर्व होता. एक आपल्या सनईचा आणि दुसरा पोराचा. घरात मिरवण्यासारखं तिसरं काही नव्हतंच, त्यामुळे हे दोन्ही तो गावभर मिरवायचा.

सनईला दोन माणसं लागतात. एक वाजवतो, दुसरा शेजारी बसून 'सूर' नावाच्या दुसऱ्या सनईत नुसता एकच सूर फुंकून धरतो. पोरगा मलकप्पा मिसरूड फुटायच्या आधीपासून बापाशेजारी बसून सूर धरत आला. बाप वाजवता असेतो पोरानं सूरच धरायचा आणि ऐकून ऐकून शिकायचं, ही घरची रीत. त्यातही मलकप्पाच्या आज्यानं, रेवणप्पांनी बांधलेली एक धून होती. ती वर्षातून एकदाच, देवाच्या लग्नात वाजे. वाजवण्याआधी 'ही रेवणप्पांची' असं चारचौघांत मोठ्यानं सांगायचं. न सांगता वाजवणं म्हणजे देवळातच चोरी.

पुढे मलकप्पा रेल्वेत चिकटला आणि सोलापुरात राहू लागला. तिथे साहेबांच्या क्लबात गोव्याचा एक बँडमास्तर होता. त्यानं पोराची फुंक हेरली आणि त्याच्या हातात क्लॅरिनेट दिली. "पोरगं बाटलं," म्हणून आई गुरम्मा रडली.

"बाटतंय कशाचं? ती बी फुंकच हाय की," म्हणत सिद्धलिंगप्पानं तिला गप्प केलं.

नाताळात तो पोराला न कळवताच गाडीत बसला आणि क्लब गाठला. व्हरांड्यात, खानसाम्यांच्या घोळक्यात उभं राहायला जागा मिळाली. आत साहेब-मडमा नाचत होत्या. एकच माणूस हातापायांनी ढोल, ताशे, झांजा सगळं बडवत होता. या गोंगाटाला जॅझ म्हणतात, असं एका खानसाम्यानं सांगितलं. म्हाताऱ्याचं आधी डोकंच उठलं. मग ध्यानात आलं, की बँडमास्तर एक तुकडा फेकतोय, पियानोवाला तो झेलून आपल्या परीनं परत करतोय. हे तर सवाल-जवाब! मान आपोआप डोलायला लागली.

तेवढ्यात मलकप्पा उभा राहिला. म्हाताऱ्यानं शेजाऱ्याला कोपरानं ढोसलं. "त्यो बघा, माझा ल्योक."

मलकप्पानं रेवणप्पांची धून उचलली. देवाची धून, मडमांना नाचायला! म्हाताऱ्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पण वरच्या वळणावर, जिथे त्याची स्वतःची फुंक जन्मभर तुटत आली होती, तिथे पोरगा न तुटता वर चढला. थेट रेवणप्पांसारखा. म्हाताऱ्याला मेलेला बाप ऐकू आला. राग कुठल्या कुठे गेला आणि डोळ्यांना धार लागली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. बँडमास्तरानं पोराची पाठ थोपटली. "किसका है रे ये?"

म्हाताऱ्यानं व्हरांड्यातच पटका सारखा केला.

"मेरा है, मास्टर," मलकप्पा हसत म्हणाला. "मैंच बनाया."

भर मांडवात कुणी मुस्काटात मारावी तसं म्हाताऱ्याला झालं. परक्यानं लुटलं असतं तर तो बोंबलला असता. पोटच्या पोरावर काय बोंबलायचं? पोराला न भेटताच तो स्टेशनवर परतला.

देवाच्या लग्नाला मलकप्पा रजा घेऊन होटगीला आला. बापाशेजारी बसला, सवयीनं सूर घ्यायला हात पुढे केला. बापानं सनई त्याच्यापुढे सरकवली आणि सूर स्वतः घेतला.

"तू वाजीव. नाताळात मी व्हरांड्यात हुतो."

मलकप्पाचं तोंड उतरलं. "अप्पा, देवळातल्या वाजंत्र्यांची म्हटलं असतं तर हसले असते वो समदे."

"आमची लाज वाटली व्हय?" म्हातारा हळूच म्हणाला. "असू दे. हितं तर कुनी हसत न्हाय. हितं सांग की कुनाची ते. मी इसरून जातो समदं."

पालखी खोळंबली होती. गाव कान टवकारून बसलं होतं. मलकप्पानं एकदा गावाकडे पाहिलं, एकदा बापाकडे. आज देवासमोर नाव घेतलं असतं तर उद्या क्लबात 'मैंच बनाया' म्हणायला तोंड उरलं नसतं. त्यानं मान खाली घातली आणि नाव न घेताच सनई तोंडाला लावली.

वाजवली मात्र अशी, की लोक वेडे झाले. "बापाच्या वर गेला!" म्हणून चंद्रव्वा पाटलीण ओरडली. सिद्धलिंगप्पाला ओरडून सांगायचं होतं की ही माझ्या बापाची आहे. पण मध्येच सूर सोडला तर धून मोडली असती. त्यानं गाल फुगवले आणि शेवटपर्यंत सूर धरून ठेवला.