मोहाखाली अडलेली अँबॅसेडर

निघतानाच सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अट घातली. चंद्रपूर ते भामरागड आणि परत. वाटेत गाडीला एकदा जरी धक्का मारावा लागला, तर ती विकायची. गिऱ्हाईकही तिनं हेरून ठेवलं होतं. मी तोऱ्यात हो म्हटलं. ही पांढरी अँबॅसेडर मी तीस वर्षं सांभाळली आहे. तिचं ऑइल मी बदलतो, प्लग मी घासतो, आणि तिची कुरकुर मला बायकोच्या कुरकुरीआधी ऐकू येते. डिकीत फॅनबेल्टपासून कंडेन्सरपर्यंत सगळे सुटे भाग भरले होते.

वैनगंगेचा पूल ओलांडून आष्टीला तर्री-पोहे खाल्ले. पोहेवाला गाडीभोवती एक फेरी मारून आला.

"चालते काय भाऊ अजून?"

"पळते!" मी म्हणालो. सुनंदा पोह्यांत लिंबू पिळत राहिली.

आलापल्लीला मुक्काम करून सकाळी भामरागडचा रस्ता धरला. पानं झडलेला साग, वर चैत्राचं ऊन. दहाच्या सुमारास गाडी आचके देऊ लागली. सावली दिसली म्हणून ती रस्त्यालगतच्या मोहाखाली घेतली आणि इंजिन बंद पडलं. झाडाखालची जमीन अंगणासारखी झाडलेली होती. किती स्वच्छ जागा, असं मला वाटलं.

"ओ भाऊ! गाडी काऊन ठेवली इथी? मोह झडून राह्यला न!"

टोपली घेऊन एक बाई धावत आली. मागून तिचा नवरा आणि दीर. झाड त्यांच्या घरचं होतं. फुलं वेचता यावीत म्हणून जमीन त्यांनीच झाडली होती, आणि मी त्यावर गाडी घातली होती. चाकांखाली फुलं चिरडलेली पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ढकलून देतो न आमी," दीर म्हणाला.

"नाही! धक्का नको!" मी ओरडलोच. तिघं बघत राहिले. सुनंदा पदरात हसू दाबत होती.

बिघाड मला कळला होता. उन्हानं इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपातच त्याची वाफ झाली होती. पंपावर ओलं फडकं टाकलं की काम झालं. पण डिकीभर सामान आणणाऱ्या या शहाण्यानं पाण्याची शेवटची बाटली आलापल्लीलाच रिकामी केली होती.

"बाई, थोडं पाणी मिळेल?"

तिनं खांद्यावरचा तुंबा (वाळवलेल्या भोपळ्याचं पाण्याचं भांडं) पुढे केला. "घ्या. पन लवकर काढा गाडी."

मी उन्हासाठी गळ्यात घेतलेला दुपट्टा भिजवून पंपावर गुंडाळला. तोवर सुनंदा खाली उतरून बाईबरोबर चाकांभोवतीची फुलं वेचू लागली. दहा मिनिटं मी जीव मुठीत धरून उभा होतो. मग किल्ली फिरवली. पहिल्याच फिरकीला इंजिन घुमलं! मी लहान पोरासारखा हॉर्न वाजवला.

"म्हातारी चांगली हाय तुमची," नवरा म्हणाला.

"कोणती?" सुनंदानं विचारलं, आणि सगळे खदखदून हसले.

भामरागडला तीन नद्यांचा संगम पाहिला, तिथेच भात आणि मासे जेवलो आणि परतलो. पंपावर ओला दुपट्टा, मागच्या सीटवर पाण्याचे दोन कॅन. जुनी गाडी सांभाळणं म्हणजे सुटे भाग साठवणं, असं मी इतकी वर्षं समजत होतो. जिथून जायचं तिथल्या माणसांची आणि उन्हाची ओळख ठेवणं हे त्याहून मोठं काम आहे.

चंद्रपूरला घरासमोर ब्रेक दाबला. सुनंदानं उतरण्याआधीच फोन लावला.

"गाडीचं म्हणत होते ना तुम्ही? नाही, विकायची नाही. आम्हाला मे महिन्यात सिरोंच्याला जायचंय."

मला मात्र ही बातमी तेव्हाच कळली.