सभेतली जागा

वर्गात उभं केलं की माझी वाचाच बसायची, म्हणून सातवीत शाळा सोडली. पुढं रंगारी झालो. एकदा गावापासून लांब, अंबडच्या एका शाळेत खिडक्या रंगवत होतो. आत मराठीच्या बाई द्यूतसभा शिकवत होत्या. त्यांनी फरशीवर खडूनं दरबार आखला.

"मंग सांगा, तुम्ही कुठं बसले असते?"

सगळी पोरं म्हणाली, राणीच्या बाजूनं.

खडू कानामागं खोचत बाई खिडकीकडं वळल्या. "अन् तुम्ही, दादा?"

"दाराजवळ, बाई. भीती वाटली की पळायला."

वर्ग खदाखदा हसला.

"हसू नका रे. त्या सभेत बहुतेक असेच होते, कबूल कोणीच केलं न्हाई. धडा यांच्यापासूनच सुरू करू."

त्यांनी दाराजवळ एक चौकोन आखला. मी ब्रश डब्यात ठेवला, चपला काढल्या आणि आत जाऊन त्या चौकोनात बसलो.