गिऱ्हाइकाची क्लिप

विद्यापीठात व्हिडिओ एडिटिंग शिकत होते, म्हणून परवडेल असा संगणक शोधत मी मलकापुरातल्या एका जुन्या संगणकांच्या दुकानात गेले होते. दुकानदाराचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

"रॅमचं मंग पाहू. पयले तुह्याजवळची क्लिप दे," तो म्हणाला. तो गिऱ्हाइकाच्याच क्लिपवर मशीन तपासायचा.

मी आईची, भर उन्हात कापूस वेचतानाची क्लिप दिली. वर्गात ती गाणं लावून दाखवली तेव्हा टाळ्या पडल्या होत्या. ही मूळची, बिनगाण्याची.

ताप आलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा त्यानं कॅबिनेटवर तळहात ठेवला आणि पुढे न सरकवता अख्खी क्लिप पाहिली.

"मशीन अटकत नाही, तपत नाही. घेऊन जाय." मग म्हणाला, "पन हे बाई दोनदा पानी मांगते. तिले पानी काऊन नाही देल्लं?"

शूटिंग करताना माझं सगळं लक्ष तिच्या हातांवर होतं. नंतर कितीदा तरी क्लिप पाहिली, ती गाण्यासकटच.

"कोन व्हय थे?" त्यानं विचारलं.

"शेजारची आहे," मी म्हणाले.