लहानूचं वजन

आता तुम्हीच सांगा, बॉक्सिंगला निघालेल्या माणसाने भरवसा कोणावर ठेवावा? कोचवर, की चिकूच्या व्यापाऱ्यावर? लहानूने माझ्यावर ठेवला, आणि मी काय करून बसलो ते ऐका.

दोन हजार सोळा-सतराची गोष्ट. लहानू तलासरीच्या डोंगराकडल्या पाड्यातला. सीझनला माझ्या डहाणूच्या वखारीत चिकूचे खोके उचलायचा, एरवी पैसे घेऊन बॉक्सिंग खेळायचा. मोठा बॉक्सर नव्हे हां. नव्या, चमकणाऱ्या पोरांना हरवायला कोणीतरी समोर लागतो ना, तो हा. मुंबई, सुरत, जिथून फोन येईल तिथे जायचा, गुणांवर हरायचा, आणि सुजलेल्या भुवईने हसत कामावर हजर. काय दिवस होते ते!

एकदा वापीची लढत ठरली. घराजवळची पहिलीच. आईने त्याला कधी खेळताना पाहिलं नव्हतं. ती पाड्यातल्या लोकांबरोबर टेम्पोने येणार होती. आदल्या दिवशी वजन द्यायचं होतं. कोच तापाने झोपलेला, म्हणून सोबत मी.

आमच्या धंद्यात काट्यावर माल कमी भरला की अब्रू गेली. त्यात हा गडी अर्धपोटी, गाल बसलेले. हा कमी भरणार, या धास्तीने मी वाटेभर त्याला पिकलेले चिकू चारले, वर ताक पाजलं.

"शेट, कोच नको म्हणाले होते."

"कोचने कधी माल तोललाय का? खा गुपचूप."

भुकेला माणूस, त्यात शेटचा शब्द. खाल्लं त्याने.

वापीत काटा ठरलेल्या वजनाच्या अर्धा किलो पुढे गेला. मी खूश, चांगलं भरघोस भरलं म्हणून! तोवर तिथला साहेब म्हणाला, तासाभरात उतरवा, नाहीतर लढत रद्द. लहानू माझ्यावर चिडला नाही. एवढंच म्हणाला, "शेट, आईने नवं लुगडं काढून ठेवलंय."

मग काय, माझी गाडी भर उन्हात, काचा बंद, लहानूच्या अंगावर चिकूची गोणपाटं. पाप माझं, तर घाम त्याने एकट्याने का गाळावा? मीही आत बसलो.

पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी झाडाखाली आडवा, आणि लहानू माझ्या डोक्यावर पाणी ओतत होता.

"वजन उतरलं, शेट."

मागून तो साहेब कोणाला तरी विचारत होता, लढत उद्या आहे ना, मग हे आजच कसे पडले?

दुसऱ्या दिवशी लहानू हरला, नेहमीसारखा गुणांवर. पण आईसमोर शेवटच्या घंटेपर्यंत ताठ उभा होता. पुढे आणखी थोडं खेळून त्याने हातमोजे खुंटीला लावले.

त्याच्या हारी कोणी मोजल्या तर खुशाल मोजू देत. पण अख्ख्या कारकिर्दीत तो एकदाही आडवा झाला नाही. आमच्या दोघांत नॉकआउट झालो तो मीच, तोही एक ठोसा न खाता. तेवढा माझ्याच नावावर मांडा. हिशोब चोख असू द्या, राव.