अंगठ्यावर भागलेली तपासणी

सेवाग्रामजवळच्या ज्या बियाणे फार्मवर मी फवारणी करतो, तिथं दर सोमवारी आमची तब्येत तपासायला एक बाबू येतो. माणूस गोड. सगळ्यांच्या लेकराबाळांची नावं त्याला पाठ आहेत. औषधाचा वास मात्र त्याला सोसत नाही, म्हणून वारा येतो त्या बाजूला तो दूर खुर्ची टाकून बसतो आणि तिथूनच विचारतो, "ठीकच आहे ना सगळं?" आम्ही 'हो' म्हणायच्या आधीच त्यानं लिहिलेलं असतं.

मागच्या सोमवारी माझ्यासोबत फवारणाऱ्या देवकाबाईला सकाळपासून मळमळत होतं. बाबूच्या वहीत सही करायला गेली तर बोटं थरथरायला लागली.

"साहेब, मले पेन धरवत नाई."

"मंग अंगठा दे ना माय," तो मायेनं म्हणाला. अंगठा घेऊन त्यानं पुढं 'प्रकृती उत्तम' लिहिलं.

दुपारी ती बांधावरच कोसळली. मी तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, फवारणीचं विष अंगात भिनलंय.

या सोमवारी मी बाबूला सांगितलं, "देवकाबाई अजून भरती आहे." तो खरोखर हळहळला. आपल्या डब्यातली दोन केळी त्यानं तिच्यासाठी माझ्याजवळ दिली. मग वही उघडून तिच्या नावापुढं लिहिलं, 'गैरहजर'.