अकोल्यात अडकलेलं मीठ

रोज अंबादेवीच्या दर्शनाला जाणारा मी, पण त्या माघात माझं मन देवळात रमेनासं झालं होतं. ऐकणारं कोणी आहे का तिथे, असं वाटू लागलं होतं.

लढाईचे दिवस होते. अमरावतीच्या एका किराणा पेढीचं गुदाम मी सांभाळत होतो. आसपासचे लहान दुकानदार आमच्याकडूनच मीठ नेत. आगगाडीचे डबे फौजेकडे गेले आणि आमची चाळीस पोती अकोल्याला अडकली. मी तारा केल्या, दुसऱ्या पेढ्यांना विचारून पाहिलं, उरलेलं मीठ शेर-शेर करून सगळ्यांना वाटलं. शेवटी गुदाम रिकामं झालं. घरी अळणी वरण वाढताना बायको म्हणाली, "गुदामातून चिमूटभरबी नाई आणलं तुमी. मले बरं वाटलं." मी तसंच जेवलो आणि स्वतः अकोल्याला जायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अकोला गाठलं. मालधक्क्यावर आमची पोती दिसली, पण पुढे न्यायला डबा कधी मिळेल, हे तिथल्या बाबूंनाही ठाऊक नव्हतं. गावातले गाडीवान कापसात गुंतलेले. दुपारी थकून एका महादेवाच्या देवळाच्या पायरीवर बसलो. मागण्याचंही त्राण नव्हतं. मनात एवढंच म्हणालो, मला आता काही सुचत नाही, तूच बघ.

शेजारी एक म्हातारे शेतकरी येऊन बसले. त्यांनी एक संत्रं सोलून अर्धं माझ्या हातावर ठेवलं.

"काहून बसले भाऊ असे?"

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "आमालेबी डबा नाई भेटला. म्हनून चांदूर बाजारवरून संत्री गाड्यांवर आणली. आता पाच गाड्या रिकाम्याच वापस चालल्या. वाटेत अमरावती लागतेच. टाका तुमचं मीठ."

"तुमाले उशीर होईन, बाबाजी."

"होईन तं होईन. आमच्या गावातबी मीठ नाई. थोडं आमाले द्याल."

तीन दिवसांचा रस्ता. मूर्तिजापूरच्या पुढे अवेळी पाऊस भुरभुरला, तेव्हा बाबाजींनी आणि बाकीच्या गाडीवानांनी स्वतःच्या घोंगड्या काढून पोत्यांवर घातल्या आणि आपण भिजत चालले. मी नको म्हणालो, तर बाबाजी हसले. "आमी काई विरघळत नाई."

गाड्या अमरावतीत आल्या तेव्हा दुकानदार गुदामासमोर जमले होते. बाबाजींच्या गावासाठी दोन पोती गाडीत ठेवून बाकीचं आम्ही उतरवून घेतलं.

याला चमत्कार म्हणावं का, मला कळत नाही. डबे नव्हते म्हणून मीठ अडलं, आणि डबे नव्हते म्हणूनच त्या गाड्या अकोल्याला आल्या होत्या. माल पुढेही कितीदा तरी अडला. मी तारा करतो, हेलपाटे घालतो, आहे ते सगळ्यांना पुरवतो. हातातलं सारं करून झालं की देवीला म्हणतो, आता पुढचं तुझं. मग मला झोप लागते.