केक न पाडणाऱ्या ग्रेटलबाई

एखाद्या माणसाचा एकदा संशय आला की त्याचे किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठत जातात. आमच्या अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळात असे सगळ्यात जास्त किस्से वसुधामावशींचे! मावशी रिटायर्ड भूलतज्ज्ञ. देशपांडेकाका म्हणतात, "आयुष्यभर लोकांना भूल दिली, अजून सवय जात नाही!"

मावशींचं म्हणणं असं, की तरुणपणी अमेरिकेत आल्यावर त्या ज्या म्हाताऱ्या ग्रेटलबाईंकडे भाड्याने राहिल्या, त्या एकेकाळी व्हिएन्नाच्या मूकपटांत विनोदी नायिका होत्या. आता बोला!

*

"हातात केक घेऊन ती जिन्यावरून गडगडत यायची," मावशी सांगत होत्या, "पण केक हातातून पडायचा नाही. लोक हसून लोळायचे."

मी लगेच पकडलं. "मावशी, दिवाळीत तर तुम्ही सूप म्हणाला होतात!"

"आधी केक. नाव झाल्यावर सूप."

*

एकदा मावशींनी फोटो आणला. मोठी हॅट घातलेली बाई, तीही पाठमोरी!

"चेहरा कुठाय?" काकांनी विचारलं.

"ती म्हणायची, चेहरा बघायला तिकीट लागतं."

काका माझ्या कानाशी पुटपुटले, "ही हॅट मी इथल्याच एका यार्ड सेलमध्ये, जुन्या सामानात बघितलीय."

*

मावशी सांगायच्या, नाझींमुळे देश सोडावा लागला तेव्हा ग्रेटलबाई इथे आल्या आणि एका स्टुडिओत काम मागायला गेल्या. तिथला साहेब म्हणाला, "पडून दाखवा." या म्हणाल्या, "आधी जिना दाखवा!"

"मग मिळालं काम?" मी विचारलं.

"मिळालं ना. टोप्यांच्या दुकानात."

आम्ही हसलो. मावशी हसल्या नाहीत.

*

मावशींची एक खोड होती. कुठेही गेल्या की रुमालाने खुर्ची निगुतीने पुसायची आणि बसायचं मात्र शेजारच्या खुर्चीवर! आम्ही म्हणायचो, वय झालं.

*

यंदा गणपतीच्या कार्यक्रमात मावशींनी ग्रेटलबाईंवर बोलायला दहा मिनिटं मागितली. कमिटीत मी आणि काका. काका म्हणाले, "प्रूफ आणा, मग स्लॉट."

मावशींचा चेहरा उतरला. "शब्द दिला होता रे तिला, की परत एकदा भरल्या हॉलमध्ये लोकांना तुझ्यावर हसवीन. मी गेल्यावर तिची आठवण कोण काढणार?"

मला वाईट वाटलं. पण खोटं कशाला बोलू, संशय काही गेला नाही.

*

माझ्या मुलीने, रियाने, व्हिएन्नाच्या एका फिल्म संग्रहाला ईमेल केली. केक घेऊन जिन्यावरून पडणारी एखादी बाई आहे का तुमच्याकडे? त्यांनी एका मूकपटाचा छोटासा तुकडा पाठवला. तो बघायला सगळे आमच्या बेसमेंटमध्ये जमले.

"बट दे डोन्ट नो हू शी इज," रिया म्हणाली.

"नावच नाही? झालं!" काकांनी हात झटकले.

टीव्हीवर बाई जिन्यावरून गडगडत आली. केक शाबूत! काका खो-खो हसायला लागले. बाई उठली, रुबाबात एका खुर्चीपाशी गेली, रुमालाने ती निगुतीने पुसली आणि शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली.

काकांचं हसू तिथेच थांबलं. आम्ही सगळ्यांनी मावशींकडे वळून बघितलं. मावशी टीव्हीकडे बघतच नव्हत्या, आमच्या तोंडांकडे बघत होत्या. त्यांच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर त्यांचा रुमाल होता.

काकांनी घसा खाकरला. "वसुधाताई, दहा मिनिटं पुरतील ना?"